'दादा' : एका हाकेचे अनेक अर्थ

नीरेच्या खोऱ्यात, इंदापूर तालुक्यातील निरवांगीसारख्या गावी, 'दादा' ही हाक बहुधा थोरल्या भावाला असते. काही घरांत वडिलांनाही 'दादा' म्हणतात. मानाच्या माणसाच्या नावापुढेही हा शब्द लागतो. मुंबईत मात्र 'तो गल्लीचा दादा आहे' असे कोणी म्हटले, तर ऐकणारा नात्याचा विचारही करीत नाही. आदराची हाक धाकाचे नाव कशी झाली, हा प्रश्न अर्थविचाराच्या दृष्टीने उद्बोधक आहे.

प्रथम शब्दाचे रूप पाहू. दंत्य व्यंजन आणि विवृत स्वर यांची द्विरुक्ती बालकाच्या तोंडी लवकर येते. रोमान याकोबसन यांनी १९६० साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात, मर्डॉक यांनी जमविलेल्या १०७२ नातेवाचक शब्दांच्या आधारे, मातापित्यांची नावे दूरदूरच्या भाषांत सारखी का असतात याची मीमांसा केली. 'दादा' याच वर्गातला. इंग्रजी बालभाषेत तो पिता, इटालियनमध्ये मुले सांभाळणारी दाई, स्वीडिशमध्ये 'दाद्दा' या रूपाने तीच दाई, तर स्वाहिलीत बहीण. ध्वनिसाम्यावरून या शब्दांचे एक कूळ मानणे चुकीचे ठरेल. मूल जवळच्या माणसाला उद्देशून ध्वनी काढते. ते माणूस कोण, हे कुटुंबरचना ठरविते.

भारतीय भाषांत हा भेद अधिक सूक्ष्म आहे. हिंदीत आणि गुजरातीत 'दादा' म्हणजे वडिलांचे वडील; बंगालीत, मराठीप्रमाणेच, थोरला भाऊ. येथे शब्दाची जोडी पाहावी. हिंदीत 'दादा'शेजारी 'दादी' उभी असते, बंगालीत 'दिदी', मराठीत 'ताई'. शब्दाचा अर्थ त्याच्या एकट्यात नसून या जोडीत असतो. मराठीत तर तो नात्याच्याही पलीकडे गेला. रघुनाथराव पेशवे (१७३४–१७८३) हे नानासाहेबांचे धाकटे बंधू. तरीही इतिहास त्यांना राघोबादादा म्हणूनच ओळखतो. म्हणजे वयाचा निर्देश मागे पडून मानाचा निर्देश तेवढा उरला.

याच वळणावर अर्थापकर्षाचे बीज आहे. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून व देशावरून आलेल्या कामगारांना घरचा थोरला जवळ नव्हता. वस्तीतील तालमीचा, दांडग्या बळाचा माणूस अडीअडचणीला उभा राही. संपाच्या काळी तो कधी कामगारांच्या, तर कधी मालकांच्या बाजूने आपले बळ वापरी. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी गिरणगावावरील आपल्या लेखनात अशा दादांच्या कार्याची चर्चा केली आहे. संरक्षण आणि दहशत या एकाच सत्तेच्या दोन बाजू ठरल्या, आणि हाकेत दोन्ही सामावल्या. हा प्रकार केवळ मराठीचा नव्हे. इटालियन 'पाद्रिनो' म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळचा धर्मपिता. तोच शब्द गुन्हेगारी टोळीच्या नायकालाही लागला. मारिओ पुझो यांच्या १९६९ च्या 'द गॉडफादर' या कादंबरीनंतर इंग्रजीतील 'गॉडफादर' याच अर्थाने जगभर पोचला.

दोन्ही अर्थ मराठीत एकत्र नांदत असता बोलणाऱ्याचा घोटाळा का होत नाही? याचे उत्तर व्याकरणात आहे. 'माझा दादा' यातील षष्ठी व्यक्तीची, म्हणून नाते. 'गल्लीचा दादा' यातील षष्ठी स्थळाची, म्हणून सत्ता. 'साहेब' हे पद जोडले की केवळ मान उरतो. फार्सी वळणाचा 'गिरी' प्रत्यय लागला की केवळ धाक. म्हणूनच आजोबांना 'दादा' म्हणणाऱ्या हिंदी भाषकालाही 'दादागिरी'चा अर्थ सांगावा लागत नाही.

क्षेत्रीय अभ्यासात याला व्यावहारिक महत्त्व आहे. 'दादांनी जमीन वाटून दिली' हे वाक्य टिपून घेताना 'दादा' म्हणजे थोरला भाऊ, असे कोशावरून गृहीत धरले, तर एक पिढीच वंशावळीतून गळून पडेल. कारण त्या घरात 'दादा' हे वडील असू शकतात. 'दादांनी' या आदरार्थी बहुवचनाने मान कळतो, नाते कळत नाही. म्हणून हाक नोंदविताना ती कोणी, कोणाला आणि कोणत्या घरात मारली, हेही नोंदविणे अवश्य आहे. कोश शब्दाच्या अर्थांची मर्यादा सांगतो. त्यांपैकी नेमका कोणता, हे त्या घराच्या उंबऱ्याशीच कळते.