पथ्य एकट्याचं, पंगत सगळ्यांची

मधुमेह किंवा रक्तदाब निघाला की माणसाच्या हातात पथ्याचा कागद येतो आणि पुढचं सगळं त्याच्या एकट्यावर येऊन पडतं. त्याच घरात बाकीच्यांसाठी वेगळी भाजी शिजत असते. अशानं पथ्य टिकत नाही, आणि बोल मात्र त्या माणसाला लागतो. या अन्यायाच्या मुळाशी काही पक्के गैरसमज आहेत.

गैरसमज : निश्चय पक्का असेल तर माणूस नीट खातोच.
घरात काय शिजतं, मित्र काय मागवतात, पाहुण्यापुढे काय ठेवलं की शोभा राहते, यावर आपलं खाणं बरंचसं ठरतं. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम इथल्या बारा हजारांहून अधिक लोकांच्या 32 वर्षांच्या नोंदी तपासून निकोलस क्रिस्टाकिस आणि जेम्स फाउलर यांनी 2007 मध्ये एक निष्कर्ष मांडला : एखाद्याचा मित्र लठ्ठ झाला, तर तो स्वतः लठ्ठ होण्याची शक्यता 57 टक्क्यांनी वाढते. सारख्या सवयींची माणसंच मैत्री करतात, असा आक्षेप त्यावर घेतला गेला आणि तो रास्त आहे. पण सोबतीचा खाण्यावर परिणाम होतो, हे इतर अनेक प्रयोगांतही दिसलं आहे.

गैरसमज : लोकांना माहिती दिली की सवयी बदलतात.
याचं उत्तर फिनलंडच्या पूर्वेकडच्या उत्तर करेलिया प्रांतानं दिलं. 1970 च्या सुमारास तिथले पुरुष ऐन उमेदीत हृदयविकारानं दगावत होते; ते प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्या प्रदेशांत मोडत होतं. पावावर लोण्याचा जाड थर, सायीसकट दूध, भरपूर मीठ, भाज्या नावापुरत्या. प्रांतातल्या लोकप्रतिनिधींनीच सरकारकडे मदत मागितली आणि 1972 मध्ये तरुण डॉक्टर पेक्का पुस्का यांच्या नेतृत्वाखाली प्रकल्प सुरू झाला. त्यांनी पत्रकं वाटलीच, पण खरा भर गावातल्या माणसांवर दिला. मार्था या गृहिणींच्या जुन्या संघटनेनं गावोगावी एकत्र स्वयंपाकाचे कार्यक्रम घेतले. रश्श्याचा पारंपरिक पदार्थ तोच ठेवला, त्यात चरबी आणि मीठ कमी केलं, भाज्या वाढवल्या आणि सगळे मिळून जेवले. गावात ज्यांचा शब्द मानला जातो अशांना प्रशिक्षण दिलं. पुढे कोलेस्टेरॉल कमी करण्यासाठी गावागावांत स्पर्धाही लागल्या. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ही, की शेजारणीनं केलेली भाजी खाऊन बघायला कुणाला कमीपणा वाटला नाही. साधारण चाळीस वर्षांत तिथल्या कामकरी वयाच्या पुरुषांमधले हृदयविकाराचे मृत्यू 80 टक्क्यांहून अधिक घटले. धूम्रपान कमी झालं आणि उपचार सुधारले, त्याचाही यात वाटा आहे. तरी आहारातल्या बदलाचा वाटा मोठा होता.

गैरसमज : सकस खाणं पैसेवाल्यांनाच परवडतं.
अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वालाची आणि इतर भाज्यांची गावरान वाणं जपली, बायकांच्या गटांतून ती परसबागांपर्यंत पोचवली. बियाणं न्यायचं आणि पीक आलं की दुप्पट परत करायचं, हा त्यांचा रिवाज. 2020 च्या पद्म पुरस्कारांत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. दारातला वेल बाजारभाव विचारत नाही, आणि बी हातोहात फिरलं की शेजारच्या ताटातही तीच भाजी येते.

गैरसमज : चारचौघांत जेवलं की आपोआप बरं खाल्लं जातं.
उलटंही होतं. ओळखीच्या माणसांसोबत जेवताना माणूस एकट्यानं जेवताना खातो त्यापेक्षा जास्त खातो, हे वारंवार दिसून आलं आहे. आग्रह हा आपल्याकडे प्रेमाचाच भाग, आणि मधुमेही माणसाच्या ताटात जिलबी वाढणाऱ्याचा हेतूही वाईट नसतो. म्हणून रीतच सगळ्यांनी मिळून बदलायला हवी.

तुमच्या भिशीत, महिला मंडळात किंवा सोसायटीच्या गणपतीत यंदा खायला काय करायचं हे ठरेल, तेव्हा मोड आलेल्या कडधान्याची उसळ आणि हंगामी फळं आधी सुचवा. आणि घरात कुणाला पथ्य असेल, तर त्याच्यासाठी वेगळं शिजवू नका. सगळ्यांनी तेच जेवा.