पित्त नव्हे, उंची

रोहिणखेड हे घाटाखालचं गाव. घाट चढून बुलढाण्याला गेलं की उकाडा कमी होतो, अंगाला बरं वाटतं. पण बुलढाणा तरी किती उंच? जेमतेम साडेसहाशे मीटर. आपलं कळसूबाईचं शिखरसुद्धा १,६४६ मीटरवर थांबतं. विरळ हवेचा त्रास सुरू होतो तो साधारण २,५०० मीटरच्या पुढे, त्यामुळे महाराष्ट्रात आयुष्य काढलेल्या माणसाची त्याच्याशी ओळखच नसते. मलकापूरला गाडीत बसून केदारनाथला निघालेल्या मंडळींची मला काळजी वाटते ती यासाठी. केदारनाथ ३,५८३ मीटरवर आहे. तिथे रात्री डोकं ठणकलं, मळमळलं, की आपलं निदान ठरलेलं: ‘पित्त झालंय.’ मग आल्याचा तुकडा, कपाळाला बाम.

वरच्या हवेतही ऑक्सिजन २१ टक्केच असतो; कमी होतो तो हवेचा दाब. पिशवीतलं वेफर्सचं बंद पाकीट वर गेल्यावर टम्म फुगतं, ते त्यामुळेच. केदारनाथला एका श्वासात समुद्रकाठच्या मानाने दोन-तृतीयांशच ऑक्सिजन मिळतो. शरीर भरभर श्वास घेतं, पण त्यासोबत कार्बन डायऑक्साइडही जास्त बाहेर पडतो, रक्ताचा तोल बिघडतो आणि मेंदू श्वासाला लगाम घालतो. मूत्रपिंडं हा तोल सावरतात, मात्र त्यांना काही दिवस लागतात. झोपेत श्वास आणखी अडखळतो. म्हणून दिवसा किती चढलात यापेक्षा रात्री कुठे झोपलात, हे मोलाचं.

धडधाकट माणसालाही यात सूट नाही. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली हिमालयात विरळ हवेने आजारी पडलेल्या १,९२५ सैनिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला; ते तर कसलेले जवान होते.

३,००० मीटरच्या वर झोपण्याची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त चढवू नये, असा नियम आहे. गौरीकुंडाहून एका दिवसात केदारनाथ गाठणारा तो मोडतोच, हेलिकॉप्टरने जाणारा तर काही मिनिटांत. अशांनी शक्य तर दर्शन घेऊन त्याच दिवशी खाली यावं. लेहला विमानाने उतरणाऱ्यांनी पहिले दोन दिवस नुसता आराम करावा. अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी मूत्रपिंडांचं रक्ताचा तोल सावरण्याचं काम लवकर करवते. ती घ्यायची का, हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारा. दारू आणि झोपेच्या गोळ्या टाळा.

डोकं दुखत असेल तर आणखी वर चढायचं नाही. सोबतचा माणूस अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला, तर त्याला टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालायला सांगा. तोल गेला, किंवा बसल्या जागी धाप लागली, तर ऑक्सिजन द्या, डॉक्टर गाठा आणि त्याला लगेच खाली न्या. एकट्याला पाठवू नका. रात्र असली तरी, दर्शन राहिलं असलं तरी.