कारला जॅम कळतो कसा?

मित्राच्या नव्या कारमध्ये बसलात. समोर टॅबएवढा स्क्रीन, त्यावर मॅप आणि मॅपवर पुढचा रस्ता लालभडक. ‘‘पुढे जॅम आहे रे, दुसरीकडून घे,’’ असं तुम्ही लगेच सांगून मोकळे! पण दोन किलोमीटर पुढचा जॅम या कारला कळला कसा? ‘वरून सॅटेलाइट बघतोय ना,’ असं उत्तर डोक्यात आलं असेल, तर ते चूक आहे. जीपीएसचे सॅटेलाइट फक्त सिग्नल पाठवतात. त्यावरून आपण कुठे आहोत, हे कार स्वतः ठरवते. ट्रॅफिकची खबर मात्र तिला दुसऱ्या कुणाकडून तरी घ्यावी लागते.

आधी रेडिओवरून

ही सोय स्मार्टफोनच्याही आधीची आहे. जपानमध्ये १९९६ साली ‘विक्स’ ही यंत्रणा सुरू झाली. रस्त्यावरच्या सेन्सरनी टिपलेली गर्दी एफएम लहरींवरून आणि रस्त्यालगतच्या बीकनमधून कारच्या नेव्हिगेशनवर पोचायची. युरोपात ‘टीएमसी’ने वेगळी शक्कल लढवली. एफएमवर गाणं चालू असतानाच त्याच लहरींवरून गुपचूप आकडे यायचे. एक आकडा काय घडलंय याचा, दुसरा कुठे घडलंय त्याचा. कार त्यातून ड्रायव्हरच्या भाषेत मेसेज तयार करायची. म्हणजे जर्मनीतून जाणाऱ्या फ्रेंच माणसाला जॅमची बातमी फ्रेंचमध्ये! अडचण एवढीच, की ज्या ठिकाणांना आकडे दिलेले असत, तिथलीच बातमी मिळे. गल्लीबोळांना त्यात जागा नव्हती.

आता आपणच सेन्सर

मग स्मार्टफोन आले आणि चित्र पालटलं. एकाच रस्त्यावरचे बरेच फोन रखडत पुढे सरकताना दिसले, की मॅप तो रस्ता लाल करतो. नेट जोडलेल्या कारसुद्धा असाच आपला वेग कळवतात. थोडक्यात, तुम्ही जॅममध्ये चरफडत बसता, तेव्हा मागच्यांसाठी तुम्हीच बातमीदार असता.

ही पद्धत फसू शकते का? बर्लिनमधल्या सायमन वेकर्ट या कलाकाराने ९९ फोन एका हातगाडीत भरले आणि ती ओढत तो मोकळ्या रस्त्यावरून चालत गेला. गुगल मॅप्सवर तो रस्ता लाल झाला! २०२० साली त्याने हा व्हिडिओ जगासमोर आणला.

हे तपासून घ्या

घरी नवी किंवा सेकंडहँड कार येणार असेल, तर शोरूममध्ये प्रश्न विचारायचं काम तुमच्याकडे घ्या. मॅप कारचा स्वतःचा आहे, की अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्लेवरून फोनचाच मॅप स्क्रीनवर दिसतोय? कारचा असेल, तर लाइव्ह ट्रॅफिकसाठी नेट कुठून येतं, कारमधल्या सिमवरून की तुमच्या हॉटस्पॉटवरून? सबस्क्रिप्शन किती वर्षांचं आहे, आणि नंतर पैसे किती?

हे विचारायचं कारण असं, की सबस्क्रिप्शन संपलं किंवा घाटात रेंज गेली, तरी कारमधला मॅप बंद पडत नाही. तो वळणं दाखवत राहतो, फक्त ताजं ट्रॅफिक येत नाही. लाल रंग नाही म्हणजे रस्ता मोकळा, असं समजून तुम्ही निघता आणि परीक्षेच्या किंवा इंटरव्ह्यूच्या दिवशी नेमके अडकता. घाईच्या दिवशी म्हणूनच लाइव्ह ट्रॅफिक चालू आहे ना, हे निघण्याआधी बघा.

आणखी एक. ही सोय आपल्या लोकेशनच्या बदल्यात मिळते. फोनमध्ये आणि कारमध्येही लोकेशन कुणाला द्यायचं, याच्या सेटिंग्ज असतात. त्या एकदा निवांत वाचा. आणि जुनी कार विकताना डिकी रिकामी करता, तसा मॅपही रिकामा करा. ‘होम’ म्हणून सेव्ह केलेला तुमच्या घराचा पत्ता त्यातच असतो.