दवाखान्याच्या दारापासून मृत्यूच्या नोंदीपर्यंत

१९५५ साली अस्पृश्यता (गुन्हे) कायदा झाला, तेव्हा परभणी जिल्हा हैदराबाद राज्यात होता. अस्पृश्य म्हणून कुणाला रुग्णालयात वा दवाखान्यात प्रवेश नाकारणं या कायद्याच्या पाचव्या कलमाने गुन्हा ठरवलं. तसं लिहावं लागलं, यातच त्या काळच्या दवाखान्यांची कथा आली. पुढच्या सत्तर वर्षांत दार उघडलं. आत गेलेल्याशी कसं वागलं गेलं, आणि त्या वागण्याचं त्याच्या शरीरात काय झालं, हा हिशेब मात्र राहून गेला.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. परभणी-नांदेडच्या गावांत ऐन पावसाळ्यात दलित वस्त्या जळाल्या. नामविस्तारासाठी १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं. जाळपोळीच्या पंचनाम्यात भांडीकुंडी येतात. झोप येत नाही.

२००६ मध्ये सुखदेव थोरात, घनश्याम शहा आदींनी महाराष्ट्रासह ११ राज्यांतल्या ५६५ गावांची पाहणी प्रसिद्ध केली. सुमारे ३३ टक्के गावांत आरोग्य कर्मचारी दलितांच्या घरात पाऊल टाकत नव्हते. २०१० मध्ये संघमित्रा आचार्य यांनी गुजरात-राजस्थानातल्या २०० दलित मुलांचे अनुभव मांडले. तपासताना आणि औषध देताना स्पर्श टाळला जाणं त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. गोळी हातावर ठेवायची की वरून टाकायची, एवढाच फरक. पण वरून पडलेली गोळी वेचून गेलेली आई पोराच्या पुढच्या तापाला लवकर येत नाही. ती ताप अंगावर काढायला लावते.

अपमानही माणसं अशीच अंगावर काढतात. अमेरिकेत आर्लीन जेरोनिमस यांनी १९९२ मध्ये कृष्णवर्णीय मातांबद्दल हेच मांडलं. सततच्या भेदभावाने शरीर वयाआधी झिजतं, आणि त्याचा परिणाम बाळांच्या आरोग्यावरही दिसतो. कधी कोण काय बोलेल, या धास्तीत शरीर कायम सावध राहतं आणि रक्तदाबाला उतार मिळत नाही. आपल्याकडे नऊ राज्यांच्या आकडेवारीवर २०२२ मध्ये आलेल्या अभ्यासात दलितांचं आयुर्मान सवर्णांपेक्षा ३ वर्षांहून अधिक, तर आदिवासींचं ४ वर्षांहून अधिक कमी निघालं. गरिबीने या अंतराचा निम्मासुद्धा उलगडा होत नव्हता. त्या नऊ राज्यांत महाराष्ट्र नव्हता.

आपल्याकडचे आकडे आले ते दुसऱ्या वाटेने. जून २०१९ मध्ये विधान परिषदेत माहिती दिली गेली, की शेजारच्या बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ गर्भाशयं काढली गेली. चर्चा प्रामुख्याने ऊसतोड बायांची झाली. दरवर्षी उचल घेऊन कारखान्यावर जाणाऱ्यांत परभणीच्याही जोड्या असतात. तिथे आजारपणाचा दिवस म्हणजे खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. पाळी हीसुद्धा तिथे अडचण ठरते.

१० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. नंतरच्या धरपकडीत अटक झालेला वडार समाजातला कायद्याचा विद्यार्थी १५ डिसेंबरला कोठडीत दगावला. प्राथमिक शवविच्छेदन अहवालाने अनेक जखमांमुळे आलेला शॉक नोंदवला. सरकारने विधानसभेत श्वसनाच्या आजाराचा उल्लेख केला. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने गुन्हा नोंदवायला सांगितलं आणि सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश कायम ठेवला. मृत्यूचं कारण कोण लिहितं, यावर किती अवलंबून असतं, हे परभणीने तेव्हा पाहिलं.

२०२३ पासून परभणीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथून बाहेर पडणाऱ्या डॉक्टरांनी रुग्णाची नाडी हात धरून बघावी, आणि 'इतके दिवस का आला नाहीस' असं दरडावण्याऐवजी मागच्या वेळी काय घडलं ते विचारावं. कारण कागद ते विचारत नाही. वर्षानुवर्षं वापरात असलेल्या मृत्यूनोंदणीच्या नमुन्यात धर्माचा रकाना आहे, व्यवसायाचा आहे, मृत व्यक्ती किती वर्षं तंबाखू खात होती याचाही आहे. जातीचा नाही.