वरचे पाणी, खालची माणसे

डोंगरातले एक लहानसे गाव. टोकियोहून आलेले कंपनीचे दोन प्रतिनिधी गावकऱ्यांना नवी योजना समजावून सांगत आहेत. शहरी पर्यटकांसाठी येथे ऐषआरामी तंबू उभारायचे आहेत. गावकरी ऐकून घेतात आणि विचारतात, सांडपाण्याची टाकी कुठे बसवणार? कारण सारे गाव झऱ्याच्या पाण्यावर जगते. एक बाई तर त्या पाण्यासाठीच टोकियो सोडून येथे शेवयांची खानावळ चालवते. गावचा वयोवृद्ध प्रमुख सांगतो की वर जे घडते त्याचे परिणाम खालच्यांना भोगावे लागतात. म्हणून वर राहणाऱ्यांची जबाबदारी मोठी.

ऱ्यूसुके हामागुची यांच्या ‘ईव्हिल डज नॉट एग्झिस्ट’ या जपानी चित्रपटातील हा प्रसंग. २०२३ च्या व्हेनिस महोत्सवात त्याला ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळाले. नावाचा अर्थ, ‘वाईट असे काही नसतेच’.

पाळीसारख्या खाणपट्ट्यातील प्रेक्षकाला ही सभा परकी वाटणार नाही. पर्यावरण परवान्याआधीची जनसुनावणी आपल्याला ठाऊक आहे. तेथेही प्रश्न पाण्याचाच असतो. खाण भूजलाच्या पातळीखाली गेली की पाणी उपसावे लागते आणि भोवतालच्या विहिरी आटू लागतात. पावसाळ्यात मातीच्या ढिगाऱ्यांवरून तांबडा गाळ ओहोळांत आणि शेतांत उतरतो.

तरीही हा चित्रपट कंपनीच्या माणसांना खलनायक ठरवत नाही. ते दोघे साधे नोकरदार आहेत. गावकऱ्यांचे म्हणणे त्यांना पटू लागते. पण निर्णय घेणारा मालक शहरात बसलेला असतो आणि त्याला सरकारी अनुदानाची मुदत गाठायची घाई असते.

आपल्याकडे २०१२ मध्ये आणि पुन्हा मार्च २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या, तेव्हा कर्ज काढून ट्रक घेतलेल्यांच्या घरांत काळजी शिरली. विहिरीसाठी भांडणारा आणि ट्रकच्या हप्त्यासाठी खाण मागणारा, दोघे कित्येकदा एकाच पंगतीला बसतात. त्यांतल्या वाईट कोणाला म्हणायचे?

२०२४ मध्ये डिचोलीत खाणकाम पुन्हा सुरू झाले. रोजगार हवाच; पण झरीचे पाणी आटले तर ते कोणताही हप्ता भरून परत मिळत नाही. वाईट माणूस शोधत बसण्यापेक्षा, टाकी कुठे बसवणार, हा साधा प्रश्न वेळीच आणि उत्तर मिळेपर्यंत विचारणे अधिक मोलाचे.