वकील अटरसनचा स्नेह

आमच्या चाकणास कोणाचा मुलगा बिघडला म्हणजे शेजारी संगतीस दोष देतात. स्टीव्हन्सनच्या १८८६ सालच्या ‘डॉ. जेकिल आणि मि. हाइड’ या कथेतील वकील अटरसनही तेच करतो. जेकिलने मृत्युपत्रात सर्वस्व हाइडला दिलेले पाहून तो हाइडच्या मागावर राहतो. मित्रास मात्र खोदून विचारीत नाही. वस्तुतः जेकिलच स्वतः सिद्ध केलेले औषध पिऊन हाइड होत असे! गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तही सुधाकरास दारूची वाट तळीराम दाखवितो खरा, पण प्याला सुधाकर आपल्याच हाताने उचलतो. तेथील रामलालाचा स्नेह आम्हांस अधिक मानवतो. तो निदान तोंडावर बोलतो. अटरसन सौजन्यापायी गप्प राहिला. अखेर जेकिलचा नोकर पूल याने कुऱ्हाडीने दार फोडले, तेव्हा आत जेकिलच्या कपड्यांत हाइडचा देह तडफडत पडला होता.