शिळ्या उसातला चिकटा आणि उप्सालाचे मणी



तोडलेला ऊस फडात दोन-तीन दिवस पडून राहिला की कापलेल्या तोंडातून ल्युकोनोस्टॉक नावाचे जंतू आत शिरतात. ते साखर खातात आणि तिचा बुळबुळीत चिकटा करून ठेवतात. याला डेक्स्ट्रान म्हणतात. कारखान्यात ही मोठी डोकेदुखी. रस नीट निवळत नाही, पाक चिकट होतो, दाणा सुईसारखा लांबट पडतो. आणि फसवणूक अशी की डेक्स्ट्रान पोलच्या यंत्रात साखरेच्या जवळजवळ तिप्पट आकडा दाखवते. म्हणजे कागदावर साखर दिसते, पोत्यात येत नाही!

स्वीडनमध्ये बिटाच्या साखर धंद्यालाही याच चिकट्याचा त्रास. तिथल्या उप्साला विद्यापीठात १९४० च्या दशकात त्याचा अभ्यास झाला. पुढे फार्मासिया कंपनीने त्यापासून रक्तस्राव झालेल्या रोग्याला शिरेतून द्यायचे द्रावण काढले. १९५९ साली पोराथ आणि फ्लोडिन या दोघा शास्त्रज्ञांनी तर कमालच केली. डेक्स्ट्रानच्या साखळ्या एकमेकींत गुंतवून त्यांनी पाण्यात न विरघळणारे, पण पाणी पिऊन फुगणारे बारीक मणी केले. नाव सेफाडेक्स.

हे मणी उभ्या नळीत भरायचे आणि वरून मिश्रण सोडायचे. यात्रेत बैलगाडी हमरस्त्याने सरळ निघून जाते, पोरं मात्र गल्लीबोळात शिरत शेवटी पोचतात. तसंच इथं. मोठे कण मण्यांच्या छिद्रात मावत नाहीत, म्हणून आधी खाली येतात. मिठासारखे लहान कण आत भटकून मागाहून. प्रथिनांतलं मीठ काढायला हे मणी आजही वापरतात. आज बऱ्याच नळ्यांत वाळूच्या जातीचे सिलिका असते. पण नाजूक प्रथिनांना डेक्स्ट्रान, सेल्युलोज किंवा समुद्रशेवाळातले ॲगारोज जास्त मानवते. कच्चा माल दरवर्षी पिकणारा, हा आणखी फायदा. मात्र साखळ्या गुंतवायला रसायन लागतेच.

"मग साहेब, शिळ्या उसाला जादा भाव द्या की!" असं कुणी म्हणेल. तर तसं नाही. ते डेक्स्ट्रान शुद्ध साखरेवर, निवडक जंतू वाढवून, बंद टाकीत तयार करतात. आपल्या फडातल्या चिकट्यात आंबलेला रस, माती, सगळंच असतं. त्याला गिऱ्हाईक नाही, आणि त्यात गेलेली साखर तुमचीच.

तेव्हा वाहन ठरल्याशिवाय तोड घेऊ नका. ऊस जळाला असेल तर चिटबॉयला त्याच दिवशी कळवा, जळक्या उसात हे जंतू लवकर शिरतात.